‘उत्सव’ पुन्हा बघा, दागिन्यांवर नजर ठेवून

गिरीश कार्नाडांचा ‘उत्सव’ १९८४ मध्ये चालला नाही. पुढे त्याची ओळख उरली ती रेखाच्या दागिन्यांपुरती. पण हा चित्रपट समजून घ्यायचा तर सुरुवात दागिन्यांपासूनच करावी, कारण सगळं कथानक त्यांच्यावर चालतं.

शूद्रकाचं मूळ संस्कृत नाटक ‘मृच्छकटिक’ दहा अंकांचं. राजाचा मेहुणा संस्थानक याच्या तावडीतून सुटताना गणिका वसंतसेना (पडद्यावर रेखा) गरीब झालेल्या चारुदत्ताच्या घरात शिरते आणि अंगावरचे अलंकार तिथे ठेव म्हणून ठेवते. ते चोरीला जातात. चोर तेच घेऊन तिच्याच दासीला, मदनिकेला दास्यातून सोडवायला येतो. पुढे वसंतसेना चारुदत्ताच्या मुलाची मातीची गाडी दागिन्यांनी भरते. हेच दागिने ऐन न्यायसभेत चारुदत्ताच्या मित्राच्या, विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्तावरचा वसंतसेनेच्या खुनाचा आळ पक्का होतो. हे माहीत असलं की शेखर सुमनचा चारुदत्त एकेक दागिना उतरवतो तो प्रसंग नुसता शृंगार राहत नाही, पोटात गोळा येतो.

नाटकातला तिसरा अंक आधी वाचाच. घरफोडीचं शास्त्र तिथे आहे: पक्क्या विटा उपसायच्या, कच्च्या कापायच्या, मातीची भिंत भिजवायची, लाकूड चिरायचं. भोक कमळासारखं पाडावं की पूर्णकुंभासारखं, याचाही विचार होतो. मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्याने माप! पडद्यावर हा चोर शंकर नाग यांनी केलाय.

फसलंय ते कामसूत्रकार वात्स्यायनाचं प्रकरण. अमजद खान मजा आणतात, पण हे पात्र नाटकात नाही आणि दागिन्यांचा धागा दर वेळी तिथेच सुटतो. शशी कपूरचा संस्थानक मात्र लाजवाब, हास्यास्पद आणि तितकाच धोकादायक.

मूळ नाटकात नवा राजा आर्यक वसंतसेनेला चारुदत्ताची पत्नी म्हणून वधूपद देतो. कार्नाड तिला तिच्या घरी परत पाठवतात. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’वर वाढलेल्या इंदूरच्या प्रेक्षकाला हे खटकेल, पण मला हाच शेवट जास्त खरा वाटतो.

तेंडुलकरांना हिंदीत नेणाऱ्या वसंत देवांची गाणी आणि अशोक मेहतांचा कॅमेरा मोबाइलवर वाया जातो. खराब प्रतीत सोनं आणि त्वचा एकाच पिवळ्यात मिसळतात. चांगली प्रत मिळवा, खोलीत अंधार करा. गोष्टीतली उज्जयिनी आपल्या इंदूरपासून जेमतेम ५५ किलोमीटरवर आहे. इथल्या नाट्यमंडळांनी एखादा खेळ लावायलाच हवा.