९ तारखेची सरकारी तपासणी: पाचव्या-सहाव्या महिन्यातला माझा अनुभव

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात, २०१६ पासून चालूय. चौथा महिना लागला की जायचं. मी बीड जिल्ह्यातली, पहिलटकरीण, तीन महिने नुसत्या उलट्या, मग जरा बरं वाटायलं म्हणून चौथा तसाच गेला. शेवटी आशाताई घरी येऊन सासूबाईंना बोलल्या आणि पाचव्यात, १९ आठवड्यांची असताना गेले. आतापर्यंत दोनदा झालं.

तपासणी खरंच लई नीट करतात. वजन, बीपी, लघवी, रक्त, आणि डॉक्टर मॅडम स्वतः पोट बघतात, घाई नाही. शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून देतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आली तर गरोदरपणातली शुगर धरतात. मी उगंच उपाशी गेले होते, ह्या टेस्टला उपाशी लागत नाही, त्यामुळं भाकरी खाऊन जा बायांनो. ते गोड पाणी पिऊन बाकड्यावर बसले तर बेंबीच्या खाली आतून कुणी टिचकी मारावी तसं झालं, थांबलं, परत झालं. आठ दिवस मी त्याला गॅस समजत होते! शेजारची दुसरटकरीण माझं तोंड बघूनच म्हणली, बाळ फिरायलंय की गं तुझं. डोळ्यातनं पाणीच आलं.

हिमोग्लोबिन ९.४ निघालं, ११ च्या खाली म्हणजे रक्त कमीच. गोळ्या तर घेत होते, पण चहासोबत, आणि कॅल्शियमची पण तेव्हाच. सिस्टरनी समोर बसवून सांगितलं की चहानं लोह अंगी लागत नाही, दोन्ही गोळ्यांत दोन तासाचं अंतर ठेव, संडास काळी झाली तर घाबरू नको. लोहाच्या रोज दोन गोळ्या दिल्या. पुढच्या ९ ला १०.३ झालं. एका ताईचं ७ च्या खाली होतं, तिच्या कार्डावर लाल स्टिकर लावून लगेच जिल्ह्याला पाठवलं, ते बघून मला ह्या तपासणीची किंमत कळली.

राग आला तो सोनोग्राफीचा. बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी १८ ते २० आठवड्यांत व्हायला पाहिजे आणि आमच्या इथं त्या दिवशी मशीन होती पण डॉक्टर नव्हते, पुढच्या महिन्यात या म्हणले. पुढच्या महिन्यात काय उपयोग? बाहेर १८०० रुपये देऊन केली. ज्या बाईकडं नाहीत तिनं काय करायचं, हे मी तिथं बोलून आले आणि तुम्ही पण बोला. प्यायचं पाणी पण घरूनच न्यावं लागतं.

९ ला रविवार आला तर दुसऱ्या दिवशी असते, आशाताईंना विचारून घ्या, कार्ड आणि आधार सोबत ठेवा, सकाळी नऊलाच नंबर लावा. शुगर २४ ते २८ आठवड्यांत परत बघतात, म्हणून येत्या ९ ला मला परत ते गोड पाणी आहे, आणि ह्यावेळी सासूबाई पण सोबत येणार म्हणतायत.