पाळी ट्रॅक करायचं ॲप: नोंदी ठेवायला मस्त, भविष्य सांगायला कच्चं

पाचपैकी तीन स्टार देतेय. दोन कुठे कापले ते आधी सांगते म्हणजे बाकीचं वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. अपेक्षित तारीख उलटली की पहिल्याच स्क्रीनवरचं गुलाबी वर्तुळ लालभडक होतं आणि मध्ये ठळक अक्षरात येतं ‘३ दिवस उशीर’. बास. उशीर का झाला असेल, किती झाला की काळजी करायची, आधी काय बघायचं, यातलं काहीच नाही, खाली एकच बटण ‘प्रेग्नंट आहात का?’ आणि ते दाबलं की टेस्ट किटची जाहिरात. आधीच पोटात गोळा आलेल्या बाईला हे असं दाखवायचं म्हणजे काय म्हणावं!

मुळात हे ॲप तारीख काढतं कशी तर मागच्या काही चक्रांची सरासरी घेतं आणि शेवटच्या पाळीपासून तेवढे दिवस पुढे मोजतं. पण शरीर तसं मोजत नाही ना. पाळी कधी येणार हे ठरतं ओव्ह्युलेशन कधी झालं त्यावर, म्हणजे बीजांड बाहेर पडलं की साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते आणि हा दुसरा भाग प्रत्येकीचा बऱ्यापैकी ठरलेला असतो, मागेपुढे होतो तो पहिला भाग. जोरदार ताप येऊन गेला, रात्रपाळ्या झाल्या, घरात काही टेन्शन झालं, भराभर वजन उतरवलं किंवा व्यायामाचा अतिरेक केला की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे सिग्नल मंदावतात, बीजांड उशिरा पिकतं आणि मग पाळीही तेवढीच पुढे जाते. म्हणजे आज लाल वर्तुळ दिसतंय त्याचं कारण बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांपूर्वी घडून गेलेलं असतं. ‘उद्या परीक्षा आहे म्हणून पाळी अडकली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ओव्ह्युलेशन होऊन गेलं असेल तर उद्याच्या परीक्षेने सहसा काही अडत नाही. आणि एरवी नियमित असलेल्या बाईचंही चक्र ७ ते ९ दिवसांपर्यंत कमीजास्त होणं नॉर्मलमध्येच धरतात, मग तिसऱ्या दिवशी लाल रंग कशाला?

गंमत म्हणजे मूड, पिंपल्स, गोड खावंसं वाटणं यासाठी ढीगभर इमोजी दिलेत पण ताप, नवीन औषध, जागरण, वजन यासाठी एकही नाही. अगदी तळाशी स्क्रोल केलं की ‘नोट्स’ म्हणून एक बारकासा चौकोन आहे, खरं काम तोच करतो. मी पाळी संपल्यावरच्या आठवड्यात तिथे ‘व्हायरल, ताप, जेवण नाही’ एवढंच टाकलं होतं, नंतर पाळी पुढे गेली तेव्हा मागे जाऊन बघितलं आणि लगेच उलगडा झाला. ॲपने मात्र तोही महिना सरासरीत घातला आणि पुढची तारीख अजून चुकवली.

टेस्ट किटबद्दल. संबंध आले असतील तर आधी टेस्टच करा, काळजी घेतली होती तरी करा, त्यात वाद नाही. पण टेस्टमध्ये जे एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) दिसतं ते गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच तयार व्हायला लागतं आणि रुजायला ओव्ह्युलेशननंतर ६ ते १२ दिवस लागतात. ओव्ह्युलेशनच उशिरा झालं असेल तर ॲपच्या ‘उशीर’ दिवशी निगेटिव्ह आलेली टेस्ट फारसं काही सांगत नाही, पाळी आली नाही तर आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीवर परत करायची. हे एक वाक्य त्या बटणाखाली लिहायला काय जात होतं? इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी घेतली असेल तर त्यानेही पाळी काही दिवस इकडेतिकडे होते, ॲप तेही विचारत नाही.

ज्यांना पीसीओडी (अंडाशयाचा त्रास, ज्यात ओव्ह्युलेशन अनियमित होतं) आहे त्यांनी तर तारखेकडे बघूच नका. चक्रं ३५, ६०, ४२ दिवसांची असली तरी हे त्यांची सरासरी काढून ४६वा दिवस छातीठोकपणे सांगणार! थायरॉइडचा त्रास, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढणं, अंगावर पाजणं, चाळिशीनंतरचे बदल, नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुली, सगळ्यांना एकच गणित.

डॉक्टरकडे कधी जायचं हेही नाही, म्हणून मीच लिहिते. नियमित येणारी पाळी ३ महिने आली नाही, किंवा दर वेळी ३५ दिवसांच्या वर जातेय, किंवा बाळ पाजत नसताना स्तनातून दूध येतंय, तर दाखवून घ्या. टेस्ट पॉझिटिव्ह आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर ॲप-बिप सोडा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

आता तीन स्टार कशाचे? रिपोर्टचे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात ‘शेवटची पाळी कधी आली?’ आणि आपण कॅलेंडर आठवत बसतो. इथे एका टॅपवर सगळ्या तारखा आणि प्रत्येक चक्र किती दिवसांचं याची यादी निघते. माझ्या डॉक्टरांनी अंदाजांचं पान न बघताच सरकवलं, यादी मात्र नीट वाचली आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिनच्या टेस्ट लिहून दिल्या. फक्त पहिला दिवस नोंदवताना नुसत्या स्पॉटिंगला (एखाददुसऱ्या डागाला) पाळी धरू नका, नीट ब्लीडिंग सुरू होईल तो दिवस टाका.

आणि इन्स्टॉल केल्या केल्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर फोन लॉक असला तरी ‘तुमची पाळी उशिरा आहे’ हे टेबलावर बसलेल्या सगळ्यांना वाचता येतं.