कंबोडियाची ग्रुप टूर: अंगकोरला किती वेळ देतात ते विचारून मगच बुकिंग करा

व्हिएतनाम आणि कंबोडिया एकत्र करणाऱ्या टूर सध्या बऱ्याच कंपन्या काढतात. त्यात कंबोडिया बहुतेक वेळा शेवटी जोडलेला असतो. आमचीही टूर तशीच होती. सासूबाई आणि मी दोघीच गेलो होतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते कुठल्याही कंपनीच्या आयटिनररीला लागू पडेल. आणि लिहिणार आहे ते फक्त सिएम रीपबद्दल, म्हणजे अंगकोरची प्राचीन मंदिरं ज्या शहराजवळ आहेत त्याबद्दल. अख्ख्या टूरचे पैसे आमचे तिथेच वसूल झाले आणि सगळ्यात जास्त घाईही तिथेच झाली.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. हॉटेल स्वच्छ, बस चांगली, टूर लीडर वेळेचा पक्का आणि ज्येष्ठांची मनापासून काळजी घेणारा. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे त्याने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवलं आणि शेवटपर्यंत तो विसरला नाही. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला. तो शहरापासून चांगला तासाभर लांब आहे, त्यामुळे पोचण्याचा दिवस तसाही हातातून जातो. आयटिनररीत तो दिवस पूर्ण धरलेला दिसला, तर त्यावर विसंबू नका.

आता मुद्द्याचं. अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलरला आणि तीन दिवसांचा ६२ डॉलरला मिळतो. त्यावर आपला फोटो छापलेला असतो, म्हणून तो दुसऱ्या कुणाला चालत नाही. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो. टूरच्या किमतीत यातला कुठला पास धरला आहे, हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारा. हॉटेल किती स्टारचं आहे यापेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे. आमच्या टूरमध्ये एका दिवसाचा होता. म्हणजे अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही तिन्ही मंदिरं एकाच दिवसात.

त्यातही कंपनीने एक गोष्ट फार चांगली केली. पहाटे सूर्योदयाला अंगकोर वाटला नेलं आणि नाश्ता डब्यात बरोबर दिला. हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे पुढच्या तळ्याकाठी उभं राहिलं की सूर्य मंदिराच्या मागून शिखरांमधून वर येतो. गर्दी इतकी की पाण्यातलं प्रतिबिंब बघायला माना उंच कराव्या लागतात. पण सूर्य वर आला की बहुतेक ग्रुप नाश्त्यासाठी हॉटेलवर परततात. आम्ही तिथेच थांबलो आणि शिल्पांच्या ओवऱ्या जवळजवळ रिकाम्या मिळाल्या.

आमचा स्थानिक गाइड ख्मेर, म्हणजे कंबोडियातल्या मुख्य समाजातला होता, सरकारी परवाना असलेला, मोजकं आणि नेमकं बोलणारा. त्याने आम्हाला उजवीकडे वळवलं. ग्रुपमधल्या काहींना चुकचुकल्यासारखं झालं, कारण देवळात आपण देवाला उजव्या हाताला ठेवून फिरतो आणि इथे भिंत डाव्या हाताला येत होती. त्याने सांगितलं की इथली शिल्पं उलट्या प्रदक्षिणेनेच क्रमाने वाचता येतात. अंत्यविधीत असं फिरतात, म्हणून हे मंदिर ते बांधणाऱ्या राजाचं, दुसऱ्या सूर्यवर्म्याचं, स्मारकही असावं असं अनेक अभ्यासक मानतात. बाराव्या शतकातलं हे बांधकाम मुळात विष्णूचं, पुढे बौद्धांचं झालं.

पहिली भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, खालच्या रांगेत पायदळ, वर हत्तींवर आणि रथांत सेनापती. दोन्ही टोकांना सैन्य शिस्तीत चालतं, आणि मधे येईपर्यंत माणसं एकमेकांत अशी गुंततात की कुणाचा हात कुणाचा ते कळत नाही. सासूबाई सुरुवातीलाच थांबल्या. वरच्या बाजूला एक माणूस बाणांवर आडवा पडलेला, भोवती त्याची माणसं. गाइडने नाव घ्यायच्या आत त्या ‘भीष्म’ म्हणाल्या आणि हात जोडले. मग तिथून पुढे गाइड आणि त्या दोघंच बोलत होते, मधे मी दुभाषी. चार हातांचा सारथी दिसला तेव्हा तर त्यांना कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. माझ्या मते परदेशातली संस्कृती अनुभवणं म्हणतात ते हे. आपली कथा दुसऱ्या लोकांनी आपली मानून नऊशे वर्षं कशी सांभाळली, ते त्यांच्याच माणसाच्या तोंडून ऐकणं.

दक्षिणेच्या भिंतीवर राजाची मिरवणूक, मग रेड्यावर बसलेला यम, चित्रगुप्त, सदतीस स्वर्ग आणि बत्तीस नरक. तिथेच टूर लीडर घड्याळ बघायला लागला. पूर्वेचं समुद्रमंथन आम्ही अक्षरशः पळत पाहिलं. सुमारे पन्नास मीटर लांब भिंत, एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मधे विष्णू, खाली कूर्म. गाइडने जाता जाता बोट खाली नेलं. समुद्रातले मासे कडेला सगळे अखंड आहेत, आणि मंदार पर्वताजवळ येतील तसे घुसळणीने तुकडे झालेले. असं काही दाखवणारा माणूस बरोबर आहे आणि थांबायला पाच मिनिटं नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

बाहेर पडताना पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांचा विष्णू उभा आहे. स्थानिक लोक त्याला ‘ता रीच’ म्हणतात. अंगावर भगवी-पिवळी वस्त्रं, पुढे उदबत्त्या आणि कमळं. गाइडने जोडलेले हात कपाळापर्यंत नेले. मोठ्या माणसांसाठी हात तोंडापर्यंत आणि देवासाठी कपाळापर्यंत, असा तिथला रिवाज. बहुतेक ग्रुप इथून न बघता पुढे जातात. तुम्ही थांबा.

बायोनला सगळे वरच्या हसऱ्या दगडी चेहऱ्यांचे फोटो काढतात. खालच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र बाजार, स्वयंपाक, कोंबड्यांची झुंज, आणि मागून कासव चावल्यामुळे कळवळणारा एक माणूस कोरलेला आहे. ती भिंत आवर्जून बघा. ता प्रोममध्ये झाडांची मुळं दगडांत शिरलेली आहेत. तिथल्या जीर्णोद्धारात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचंही काम आहे. गर्दीमुळे आम्हाला तिथे फार काही अनुभवता आलं नाही.

‘कल्चरल शो विथ डिनर’ हा आयटिनररीतला भाग मला पटला नाही. मोठा हॉल, बुफेच्या रांगा, आणि त्या आवाजात अप्सरा नृत्य. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज नावाच्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात या कलेचे बहुसंख्य गुरू आणि नर्तक मारले गेले. जे थोडे वाचले त्यांनी ती पुन्हा उभी केली. नर्तकींच्या त्या मागे वळणाऱ्या बोटांकडे ताट हातात धरून बघणं बरोबर नाही. मोकळी संध्याकाळ मिळाली तर ‘फारे’ सर्कस बघा. प्राणी नाहीत. बात्तामबांग शहरातल्या एका संस्थेच्या कलाशाळेत शिकलेले तरुण कसरतींतून आपल्याच देशाच्या गोष्टी सांगतात. आम्ही दोघी टुकटुक करून गेलो आणि सासूबाई तासभर हलल्या नाहीत.

आणि एक गंभीर तक्रार. तोनले साप सरोवरावरच्या गावात आम्हाला चालू शाळेच्या वर्गात नेलं. मुलांना वह्या वाटायच्या, फोटो काढायचे, निघायचं. शिक्षिका शिकवायची थांबली होती. आपल्या मुलांच्या वर्गात अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन शिरलेली आपण चालवून घेतली नसती. अशा भेटी टाळा असं कंबोडियातल्या बालसंरक्षण संस्थाही पर्यटकांना सांगतात. सरोवर मात्र बघण्यासारखंच आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीचं पाणी उलटं आत येतं आणि ते कित्येक पट पसरतं. घरांचे उंच खांब बघितले की पाणी कुठवर चढतं ते कळतं.

जेवण जवळजवळ रोज भारतीय होतं. ज्येष्ठांना ती सोय हवी असते, तरी एखादं जेवण ख्मेर ठेवायला हरकत नव्हती. मी एकदा बाहेर जाऊन अमोक खाल्लं. केळीच्या पानात वाफवलेला मासा, नारळाचं दूध, हळद आणि गवती चहा. फार सुंदर लागतं.

जाताना गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घ्या, नाहीतर अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर सोडत नाहीत. बौद्ध सणवारांना तो मजला बंद असतो आणि जिना फार उभा आहे. सासूबाई खालीच थांबल्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या ठेवा, फाटकी नोट कुणी घेत नाही.

फीडबॅक फॉर्ममध्ये मी पाचपैकी साडेतीन दिले आणि खाली लिहिलं: शाळेचा थांबा काढा, तीन दिवसांचा पास द्या, आणि पूर्वेच्या भिंतीसमोर त्या गाइडला निदान अर्धा तास बोलू द्या.