‘वाळवलेला मेपल’ म्हणून ओला दांडा: बेस गिटारची नेक पिळली

घरी बेस गिटार बांधणाऱ्यांनो, नेकचं (तारांखालच्या लांब दांडीचं) लाकूड मागवण्याआधी हे वाचा. बॉडीत किंवा वायरिंगमध्ये चूक झाली तर दुरुस्त होते. नेक पिळली तर सगळी मेहनत वाया जाते, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते आहे.

नागपुरातल्या एका बांधणीसाठी ऑनलाइन विक्रेत्याकडून हार्ड मेपलचा ३६ × ४ × १ इंचाचा दांडा मागवला होता. जाहिरातीत ‘क्वार्टर-सॉन, भट्टीत वाळवलेला, ओलावा ८ टक्के’. क्वार्टर-सॉन म्हणजे वलयं रुंद बाजूला उभी येतील असा चिरलेला. पैसे यूपीआयने आधीच घेतले. दांडा आला तो दोन्ही टोकांना जाड लाल रंग फासून. विचारल्यावर उत्तर आलं, ‘टोकं तडकू नयेत म्हणून.’ हे उत्तर खरं वाटतं, कारण लाकूड वाळवताना टोकांना रंग किंवा मेण लावतातच. पण दांडा कसा चिरलाय हे टोकाच्या वलयांवरूनच कळतं, आणि रंगाने तीच झाकली जातात.

लकडगंजात आरामशीनवर एक टोक कापलं तेव्हा वलयं दिसली. ४ इंची बाजूला काटकोनात उभी असायला हवीत, ती आडवी पसरलेली होती. म्हणजे साधा, आडव्या वलयांचा फ्लॅट-सॉन. काम तिथेच थांबवायला हवं होतं, पण विक्रेत्याच्या व्हिडिओत ओलावा मोजायचा मीटर ८ दाखवत होता म्हणून पुढे गेलं. ट्रस रॉडची (नेकच्या आत बसणाऱ्या धातूच्या सळईची) खाच पाडली, फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची वरची पट्टी) चिकटवला. मे महिना, बाहेर ४५ अंश. तीन आठवड्यांनी एक सरळ पट्टी नटवर (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) आणि दुसरी बाराव्या फ्रेटच्या (आडव्या धातूच्या पट्टीच्या) जागी ठेवून डोळ्याच्या रेषेत पाहिलं, तर पट्ट्या एकमेकींना समांतरच नव्हत्या. म्हणजे नेक पिळली होती.

फोटो पाठवल्यावर विक्रेता म्हणाला, ‘ट्रस रॉड आवळा, सरळ होईल.’ ही दुसरी फसवणूक. ट्रस रॉड नेकचा पुढे-मागे आलेला बाक काढतो, पीळ नाही. जबरदस्तीने आवळत गेलात तर रॉडच्या टोकाची आवळायची चाकी घासली जाते, नाहीतर रॉडच तुटतो.

खरं काय ते कापलेल्या तुकड्याने सांगितलं. कापल्याबरोबर त्याचं वजन करून वर पेन्सिलने ‘६० ग्रॅम’ लिहून ठेवलं होतं. तोच तुकडा ओटीजीमध्ये (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) १०० अंशांच्या आसपास ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाला तोलला. उरले ५० ग्रॅम. गेलेलं पाणी १०, भागिले ५०, म्हणजे ओलावा २० टक्के. मग मीटरवर ८ कसे? सुया पृष्ठभागावर टेकवल्या की वाळलेल्या वरच्या थराचाच आकडा मिळतो. ताज्या कापाच्या मधोमध सुया टोचलेला व्हिडिओ मागा.

त्याहून सोपी खूण वजनाची. या मापाचा हार्ड मेपल ८ टक्क्यांवर साधारण १.६ किलो भरतो, ओला असेल तर त्याहून जड. पैसे देण्याआधी काट्यावर ठेवलेला दांडा आणि रंग खरवडलेलं टोक, दोन्हींचे फोटो घ्या. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. त्यापेक्षा जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान मिळालं तर बघा, वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त आतले खिळे आधी शोधा, आणि चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसा, सागाच्या तेलामुळे जोड धरत नाही.

बाकी मालातही हेच चालतं. ३४ इंच स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) बेसला ट्रस रॉड साधारण ६०० मिमीचा लागतो, पण ‘सगळ्यांना बसतो’ म्हणून गिटारचा ४६० मिमीचा गळ्यात मारतात. जॅझ बेसचा (बेसचा एक प्रसिद्ध नमुना) पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा भाग, ‘अल्निको’ (धातूच्या चुंबकांचा) म्हणून घेतलात तर उलटा करून बघा. अल्निकोत प्रत्येक खांब स्वतःच चुंबक असतो. खाली काळी पट्टी चिकटवलेली दिसली तर तो सिरॅमिक आहे. मल्टीमीटरवर ओहम बघून हा फरक कळत नाही.

‘कस्टम कापलंय, परत घेणार नाही’ असं म्हणाले तरी गप्प बसू नका. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार खरेदीदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता परराज्यातला असला तरी ती नागपुरातच दाखल होते. मुदत २ वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, कुरियरचं वजन लिहिलेलं लेबल आणि पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ जपून ठेवा. ओव्हनची चाचणी करायची असेल तर तुकड्याचे दोन भाग करा, आणि एक भाग कापल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून पुरावा म्हणून बाजूला ठेवा.