ढकलायची मशीन की ब्रश कटर?

पुतण्यानं अंगणात हरयालीचं लॉन लावलं न् आता विचारते, काका, वावरातला ब्रश कटर (इंजिनवर दोरी फिरवून गवत कापणारा) हायच तर लॉन कापाले हातानं ढकलायची, बिना इंजिनची मशीन काऊन घ्यावं?

अरे, कापण्यातच फरक हाय. मशीनचं पातं कैचीसारखं चालते, टोक साफ राहते. ब्रश कटरची नायलॉन दोरी गवत फाडते. मागच्या मे मधे मी तेच केलं, दोन दिवसात लॉन वरून भुरकट झालं, न् जिथं हात खाली गेला तिथं मातीच उघडी पडली, पावसाळ्यापर्यंत भरली नाही.

खर्च? मशीनले पेट्रोल नाही, ऑईल मिसळणं नाही, अधूनमधून धार लावली की झालं.

पण पावसाच्या झडीत गवत घोट्यावर गेलं की मशीन अडतेच, तिथं ब्रश कटर लागते. तेव्हाही एका वेळी एक तृतीयांशच काढायचं, 3 इंचाचं 2 वर, मग चार दिवसानं पुन्हा. उन्हाळ्यात 45 डिग्रीत तर 2 इंच राहूच द्यायचं.

धुरा, कुंपण, खडबडीत जागा असंल तर ब्रश कटर. सपाट छोटं अंगण न् आठवड्याले कापायची तयारी असंल तर ढकलायची मशीन. तुले तीच घे, कडा माह्या कटरनं मार.