बुटांची रस्सीखेच: ॲडलरची वाट की पीसीआयटी?

सकाळचे सात वीस. रिक्षाकाका खाली हॉर्न वाजवतायत, डबा भरलेला आहे आणि सहा वर्षांचे चिरंजीव एक मोजा हातात घेऊन सोफ्यावर आडवे. आई पाचव्यांदा "बूट घाल" म्हणते, सहाव्यांदा ओरडते, सातव्यांदा स्वतःच खाली बसून बूट चढवते. हे रोज व्हायला लागलं की समुपदेशकाकडे जायचं ठरतं, आणि तिथे दोन अगदी वेगळ्या पद्धती समोर येतात.

ॲडलरच्या पठडीतला समुपदेशक आधी आईलाच विचारेल, "त्या क्षणी तुम्हाला काय वाटतं?" सगळी मेख या प्रश्नात आहे. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आल्फ्रेड ॲडलर 1911 मध्ये मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाले. त्यांच्या मते मुलाला घरात आपली जागा हवी असते. ती सरळ मिळत नाही असं वाटलं की ते आडवाटेला लागतं. त्यांचे अनुयायी रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी अशा आडवाटा चार सांगितल्या: लक्ष वेधणं, सत्ता गाजवणं, सूड उगवणं आणि 'मला जमतच नाही' म्हणून हातपाय गाळणं. मूल कुठल्या वाटेवर आहे हे मोठ्यांच्या मनावरून ओळखायचं. नुसता वैताग आला तर पहिली. 'बघतेच कसा घालत नाही ते' असं झालं तर दुसरी. मनाला लागलं तर तिसरी. आणि आपणच आशा सोडली असेल तर चौथी.

बुटांचं प्रकरण बहुधा दुसऱ्यातलं. मग आईनं दोरी सोडून द्यायची. आदल्या संध्याकाळी दोघांनी ठरवायचं की रिक्षा आली की बूट हातात घेऊन खाली उतरायचं. सकाळी एक शब्दही बोलायचा नाही. बूट हातात घेऊन जावं लागणं हा त्याच्याच कृतीचा परिणाम; पण आवाजात 'आता कळेल!' डोकावलं की तो परिणाम राहत नाही, शिक्षा होते. भलतंच अवघड आहे हे.

पीसीआयटी, म्हणजे पेरेंट-चाइल्ड इंटरॲक्शन थेरपी, मनात शिरत नाही, सराव करून घेते. शीला आयबर्ग यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत ती विकसित केली, मुख्यतः 2 ते 7 वयाच्या मुलांसाठी. आई मुलाशी खेळते आणि थेरपिस्ट काचेपलीकडून तिच्या कानात सूचना देतो. पहिल्या टप्प्यात 5 मिनिटांत नेमकं कौतुक 10 वेळा, मूल काय करतंय त्याचं वर्णन 10 वेळा, त्याचंच बोलणं परत म्हणणं 10 वेळा. प्रश्न, हुकूम आणि टीका मिळून जास्तीत जास्त 3. "हा कुठला रंग? नीट धर. असं काय करतोस?" संपला आपला कोटा, अर्ध्या मिनिटात! दुसऱ्या टप्प्यात हुकूम एकदाच आणि स्पष्ट. 5 सेकंद वाट पाहायची, मग एक ताकीद, मग 3 मिनिटं टाइमआउटची खुर्ची, म्हणजे खेळापासून बाजूला एकट्यानं बसायचं.

इथे दोघांचं बिनसतं. ॲडलरवाल्यांना ती खुर्ची शिक्षाच वाटते, आणि कौतुकाचंही त्यांना वावडं. "शाब्बास, गुणी बाळ" यापेक्षा "आज लेस तूच बांधलीस" हे त्यांना पटतं. मला विचाराल तर कौतुक नेमकं असेल तिथे हे भांडण निम्मं शब्दांचं आहे. खुर्चीचं मात्र खरं आहे.

पुराव्यात पीसीआयटी बरीच पुढे आहे. मूल थोरलं, मधलं की धाकटं यावर स्वभाव घडतो, हा ॲडलरचा जन्मक्रमाचा सिद्धांत तर मी बाजूलाच ठेवते. मोठ्या अभ्यासांत जन्मक्रमाचा स्वभावावर परिणाम जवळपास दिसलेला नाही. पण मूल नऊ-दहाचं असेल, किंवा आईनं नाही म्हटलेलं चॉकलेट आजी हळूच देत असेल, तर मी ॲडलरकडेच वळेन. तिथे कौटुंबिक बैठक असते, आजी-आजोबाही बसू शकतात, मुलाचंही मत धरतात. मूल चार-पाच वर्षांचं, मारतं, वस्तू फेकतं, तर आधी पीसीआयटी. आणि शाळेतही बोलणं, वाचणं किंवा एका जागी बसणं जमत नसेल, तर दोन्हींच्या आधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिल्या फोनवर फी विचाराल तेव्हा आणखी एक विचारा: "यात माझं काम काय असेल?" "तुम्ही मुलाला सोडून जा, आम्ही बघतो" एवढंच उत्तर आलं, तर ते या दोन्हींपैकी काहीच नाही.