पेटीवाल्याचा डावा हात: पीएसआर-आय५०० घ्यावा की एक्सपीएस-३०?

गणपतीला दीड-दोन महिने उरले की मला फोन यायला लागतात. "मंडळासाठी कीबोर्ड घ्यायचाय, कुठला घेऊ?" विचारणारे बहुतेक जण मूळचे पेटीवाले असतात. यंदा माझा भाचाच विचारत आला. मालवण तालुक्यात त्यांचं भजनी मंडळ आहे आणि वाडीतल्या पोरांनी मिळून छोटा ऑर्केस्ट्राही काढलाय. दोन नावं त्यानं आधीच पक्की केली होती: यामाहाचा पीएसआर-आय५०० आणि रोलँडचा एक्सपीएस-३०. दोन्ही ६१ पट्ट्यांचे, दोन्हींत तबला, सतार, शहनाई, बासरी असे आपले आवाज भरलेले. किमतीत मात्र दुपटीहून जास्त फरक. हे दोन्ही मी मांडवात, पडवीत आणि घरी रियाजाला वाजवलेत, त्यामुळे जे लिहितोय ते कानावर आणि हातावर विसंबून.

पहिला फरक बटण दाबताच कळतो. आय५०० ला स्वतःचे स्पीकर आहेत. ओटीवर ठेवला, चालू केला की वाजायला लागतो. एक्सपीएस-३० ला स्पीकर नाही. तो स्टेजसाठीचा सिंथेसायझर आहे, हेडफोन किंवा अॅम्प्लिफायर जोडल्याशिवाय त्याच्यातून आवाज येत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे घरी आणून "मशीन बिघडलेलं दिलं" म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं म्हणजे आय५०० मध्ये स्टाइल असतात: डाव्या हातानं कॉर्ड धरला की ताल, बेस, गिटार सगळं मागे आपोआप चालू होतं. एक्सपीएस-३० मध्ये अशी आयती साथ मिळत नाही. त्याच्यात आठ पॅड, म्हणजे बोटानं दाबून वाजवायची बटणं, आहेत, पेनड्राइव्हमधले आवाज त्यांवर लावता येतात. पण ते तयार करायचे तुम्हीच.

आता भजनाचं पाहू, कारण आमच्याकडे कीबोर्डची खरी परीक्षा तिथेच होते. सिंधुदुर्गात गणपतीत मंडळं रात्रभर घरोघर भजनं करत फिरतात. एका घरातून दुसऱ्या घरी जायला पाणंद, मध्ये व्हाळ (ओढा), वर पाऊस, आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. इथे आय५०० सरळ जिंकतो. सेलवर चालतो, आवाज त्याच्याच पोटातून येतो आणि बारा-पंधरा माणसांच्या पडवीत तेवढा पुरतो. एक्सपीएस-३० सुद्धा चार्ज होणाऱ्या आठ एए सेलवर चालतो, पण सोबत बॅटरीवरचा स्पीकर उचलावा लागतो. म्हणजे एक माणूस वाढला आणि पावसात झाकायची एक वस्तूही.

फक्त सेलचा हिशोब केला असता तर निकाल इथेच लागला असता. पण कीबोर्ड घ्यायचा तो आवाजासाठी. आणि पेटीवाल्याला आवाज जोखायचा असेल तर कीबोर्डवरची पेटीच लावून बघावी.

पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच वाजतो. लहान-मोठं करतो तो भाता, आणि भात्यावर असतो डावा हात. कीबोर्डची पट्टी उलट वागते. हळू दाबली तर आवाज बारीक, जोरात दाबली तर मोठा. पियानोला हे शोभतं. पेटीचा टोन लावून तसंच वाजवलं तर प्रत्येक सूर वेगळ्या वजनाचा निघतो आणि गाणाऱ्याला ते खुपतं. आमच्या बुवांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आवाज बरो आसा, पण पेटी बोलता तशी ही बोलणा नाय." मला त्या वाक्याचा अर्थ लागायला दोन वर्षं गेली. टोन ठीकच होता. भाता नव्हता.

उपाय दोन पायऱ्यांचा. टच, म्हणजे जोरानुसार आवाज बदलण्याची सोय, बंद करायची, म्हणजे सगळ्या पट्ट्या एकाच वजनाच्या होतात. मग सूर फुलवायला आणि मिटवायला दुसरं काहीतरी हवं. एक्सपीएस-३० च्या मागे सस्टेन पेडलबरोबर (पट्टी सोडली तरी सूर लांबवणारं) कंट्रोल पेडलचंही भोक आहे. तिथे एक्स्प्रेशन पेडल जोडलं की भाता पायाखाली येतो: टाच-पंजा हलवत सूर हळूहळू भरायचा आणि ओळ संपताना सोडायचा. आठवडाभर पाय जड वाटतो, मग तोच श्वास धरायला लागतो. आय५०० ला सस्टेन पेडल लागतं, एक्स्प्रेशन पेडलची सोय नाही. त्यामुळे त्याच्यावरची पेटी नीट वाजते, पण सपाट वाजते. आरतीच्या गजरात झांजा आणि टाळ्यांमध्ये हे कुणाला कळणार नाही. अभंगाच्या आलापीत लगेच कळतं.

पाय भात्यावर गेला की डावा हात मोकळा होतो, आणि एक्सपीएस-३० चे जादा पैसे कशासाठी मोजायचे ते तिथे समजतं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघत नाही हे आपण सगळे मान्य करून बसलेलो आहोत. कीबोर्डवर ती निघते. रोलँडचा बेंडर आडवा हलणारा दांडा आहे: उजवीकडे ढकलला की सूर चढतो, डावीकडे ओढला की उतरतो, सोडला की स्प्रिंगनं जागेवर येतो, आणि पुढे ढकलला की मॉड्युलेशन, म्हणजे सुराला कंप. बासरीचा टोन लावा, बेंडची मर्यादा दोन अर्धस्वर ठेवा, रिषभाची पट्टी धरा आणि दांडा सावकाश उजवीकडे न्या. रे वरून ग वर सूर मधल्या सगळ्या जागांवरून जातो. तिथे पोचून दांडा जरा पुढे रेटला की बासरीवाल्याच्या फुंकेसारखा कंप येतो. एकाच हाताच्या एकाच हालचालीत दोन्ही कामं होतात. आय५०० वर उभं चाक आहे, तेही स्प्रिंगचं, आणि त्यावर मींड चांगली निघते. कंपासाठी मात्र वेगळं चाक नाही. शहनाई वाजवताना मला ही उणीव सर्वांत जास्त बोचते.

भरलेला आवाज म्हणजे खऱ्या वाद्याचं ध्वनिमुद्रण असतं. सूर लांब धरला की त्या मुद्रणाचा एक छोटा तुकडा परत परत फिरवला जातो. चांगल्या टोनमध्ये हे जाणवत नाही. हलक्या टोनमध्ये दोन-तीन सेकंदांनी तीच लाट पुन्हा ऐकू येते, पंख्याच्या फेऱ्यासारखी. दुकानात गेलात की स्वतःचा हेडफोन न्या, बासरी आणि शहनाई लावा, एकच पट्टी दहा सेकंद धरून ठेवा आणि डोळे मिटून ऐका. त्यानंतर दुकानदाराचा डेमो ऐकायची गरज उरत नाही. या परीक्षेत एक्सपीएस-३० ची बासरी मला सरस वाटली. आय५०० चा तबला आणि तानपुरा मात्र फारच सुरेख आहे, आणि त्याच्यातली रियाजाची सोय म्हणजे पहाटे एकट्यानं बसणाऱ्याला सोबतच. शिकणारं पोर घरात असेल तर फक्त तेवढ्यासाठीही मी आय५०० घेईन.

एक्सपीएस-३० मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी मला मनापासून आवडते: बाहेरची वेव्ह फाइल त्याच्यात घालून ती पट्ट्यांवर वाजवता येते. मी आमच्या घरच्या जुन्या पेटीचे सूर रात्री पंखा बंद करून मोबाइलवर घेतले, प्रत्येक सूर भाता एकसारखा ठेवून, आणि त्यात घातले. आयत्या टोनइतके ते स्वच्छ नाहीत. पण ऐकून बुवांनी मान हलवली.

सुरांच्या मिळणीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेक मंडळांत पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजतात आणि भांडण तिथे होतं. कीबोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा ४४० हर्ट्झच्या (मधल्या ‘ए’ सुराची कंपनं) हिशोबानं लावलेला असतो. घरातली जुनी पेटी तशी असेलच असं नाही. कार्यक्रमाआधी पेटीवर षड्ज धरायला सांगा आणि तोच सूर कीबोर्डवर धरा. वॉव-वॉव अशी लहर ऐकू येईल. ट्यूनिंगच्या मेनूत जाऊन आकडा एकेकानं हलवा. लहर संथ होत होत थांबली की मिळालं. दोन्ही मशीनवर हे करता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, आणि तरी दहातले आठ जण करत नाहीत. त्यापुढची गोष्ट गांधाराची. कीबोर्डवर सा पासून शुद्ध ग ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्यात आपसूक ऐकू येणारा गांधार ३८६ च्या जवळ. हा १४ सेंटचा फरक गांधार ट्यूनिंगच्या, म्हणजे तानपुऱ्याच्या सुरांना जुळवलेल्या, पेटीशेजारी कीबोर्ड ठेवला की कानाला टोचतो. अशा वेळी मी गांधारावर कीबोर्ड थांबवतच नाही, तिथे पेटीला बोलू देतो.

पट्टी बदलणं दोन्हींवर सोपं आहे. बुवा काळी चारला गाणार असतील तर ट्रान्सपोज करून पांढरी एकची बोटं चालवता येतात. पण आधी ठरवून ठेवा, ऐन गजरात कुणी बटण दाबलं की सगळं मंडळ उघडं पडतं.

स्टाइलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: भजनात त्यांचा उपयोग नाही. पखवाजवाला लय चढवत नेतो, झांज त्याच्या मागून धावते, आणि मशीनचा ताल आहे तिथेच राहतो. हळदीच्या कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, दोनच माणसांचा ऑर्केस्ट्रा असेल तेव्हा त्याच स्टाइल सोन्यासारख्या.

नमन आणि जाखडी या कोकणातल्या लोककलांच्या मांडवात, ऑर्केस्ट्रात, एक्सपीएस-३० पुढे जातो. तिथे आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून जाणार असतो, त्यामुळे स्पीकर नसण्याचा तोटा संपतो. एकाच वेळी १२८ आवाज वाजू शकतात. आय५०० ला ४८. भजनाला ४८ पुष्कळ झाले. पण काही टोन आतून एकाहून जास्त थरांचे असतात, दोन टोन एकावर एक ठेवून वर सस्टेन दाबलं तर ४८ भराभर संपतात आणि आधीचे सूर मध्येच तुटतात. आणखी एक: मांडवात बहुतेक वेळा एकच वायर मिळते. एक्सपीएस-३० मागच्या डाव्या, मोनो लिहिलेल्या भोकाला ती लावा, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येतो. घरगुती कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून लाइन काढत असाल तर साधी मोनो पिन घालू नका, अर्धा आवाज हरवतो. स्टीरिओ पिनची वायर घरून न्या. साउंडवाल्याकडे ती असेल या भरवशावर मी एकदा कणकवलीजवळ अख्खा कार्यक्रम अर्ध्या पियानोवर काढलाय.

कोर्गच्या क्रॉस २ बद्दलही बरेच जण विचारतात. ६१ पट्ट्यांचा ३.८ किलोचा, सहा एए सेलवर चालणारा, १६ पॅडचा, पियानो आणि स्ट्रिंग्ज देखणे. एसटीनं फिरणाऱ्याला खरंच सोयीचा. पण आपल्या वाद्यांचे टोन रोलँडच्या मानानं कमी, म्हणून भजनवाल्याला मी सुचवत नाही. कॅसिओचा सीटी-एक्स९०००आयएन आय५०० च्या बाजूचा गडी: स्पीकर १५-१५ वॅटचे, पडवी मोठी असेल तर जरूर ऐकून बघा.

आता खाऱ्या हवेचं. माझा पहिला कीबोर्ड, कंपनीचं नाव घेत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात बिघडला. आधी मध्य सप्तकातला पंचम हळू दाबला तरी किंचाळायला लागला, मग दोन पट्ट्या मुक्या झाल्या. उघडल्यावर कारण दिसलं. प्रत्येक पट्टीखाली रबराची दोन बोंडं असतात, खाली काळा कार्बन लावलेली. पट्टी दाबली की आधी एक टेकतं, मग दुसरं. त्या दोघांतल्या वेळेवरून मशीन ठरवतं तुम्ही किती जोरात दाबलंत. दमट खारट हवेनं त्यांखाली पातळ थर बसला की हिशोब चुकतो आणि सूर एकदम पूर्ण आवाजात येतो किंवा येतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसल्यावर माझा सुधारला. हे दोन्ही मशीनना सारखंच लागू आहे, पैसे जास्त मोजले म्हणून समुद्र सोडत नाही. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती कापडाखाली, सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवा आणि आठवड्यातून एकदा चालू करून सगळ्या पट्ट्या वाजवा.

भाच्याला मी एक्सपीएस-३० घ्यायला सांगितलं, एक्स्प्रेशन पेडल आणि बॅटरीवरचा लहान स्पीकर धरून. गणपतीचे दिवस मोजके, ऑर्केस्ट्रा वर्षभर, आणि त्याचा डावा हात भात्यावर दहा वर्षं मुरलेला आहे, त्याला काम मिळायला हवं. त्याच्या मंडळात पैसे कमी पडले असते किंवा ऑर्केस्ट्रा नसता तर आय५०० सांगितला असता आणि मनात किंतू ठेवला नसता.

पैसे कमी पडतात म्हणून किनाऱ्यावरच्या कुणाचा वापरलेला एक्सपीएस-३० घेणार असाल तर पेटीचा नको, पियानोचा टोन लावा. टच चालू ठेवा आणि खालच्या टोकापासून वरपर्यंत ६१ च्या ६१ पट्ट्या अगदी हळू, एकेक करून दाबा. एकही किंचाळली तर किंमत पाडून मागा, तीन-चार किंचाळल्या तर उठून या.